पुसलेली ओळ आणि मूळचा नियम

मनुष्याच्या कोणत्याहि व्यवहारांत दोन प्रकारचे नियम चालत असतात. कांहीं नियम कागदावर लिहून भिंतीवर लाविलेले असतात. कांहीं नियम तेथें लिहिलेले नसतात. तरी लिहिलेला नियम नाहींसा होतांच ते आपोआप अंमल करूं लागतात. पहिल्या प्रकारच्या नियमांकडे आपलें लक्ष सहज जातें. दुसऱ्या प्रकारचे नियम मात्र त्यांच्यामुळें कांहीं अडेपर्यंत कोणाच्या ध्यानांतहि येत नाहींत. आजच्या पाठांत आम्ही या दुसऱ्या प्रकारच्या नियमांचा विचार करणार आहों, आणि त्यासाठीं उदाहरण घेणार आहों तें डेटाबेस सर्व्हर नांवाच्या संगणकावरील कारभाऱ्याचें.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यांत राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस हा विषय परका वाटूं नये. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें व त्याच्या वसाहती या बाजूस पसरत गेल्या. २००९ सालीं चाकणला फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. या अवधींत कारखान्यांचा कारभार वहीवरून संगणकावर आला. कामगार दारावर कार्ड टेकवितो, त्याची नोंद होते. यंत्रावरून सुटा भाग उतरतो, त्याची नोंद होते. माल गाडींत चढतो, त्याचीहि नोंद होते. या नोंदी जेथें साठतात तें कोठार म्हणजे डेटाबेस. आणि तें कोठार संभाळणारा, मागेल त्यास मागेल ती नोंद काढून देणारा कारभारी म्हणजे डेटाबेस सर्व्हर. आमच्या अनेक विद्यार्थ्यांचे वडील व भाऊ ज्या पाळ्यांवर जातात, त्या पाळ्यांचा हिशेब अशाच एखाद्या कारभाऱ्याच्या हातीं असतो. तेव्हां हा कारभारी हुकूम कसा पाळतो, आणि हुकूम काढून घेतल्यावर काय करतो, हें समजून घेणें विद्यार्थी व पालक या दोघांच्याहि हिताचें आहे.

(१) सूचनाफलकाचा दृष्टान्त

प्रथम शाळेंतीलच एक गोष्ट घेऊं. अशी कल्पना करा कीं, एका शाळेची नेहमींची वेळ सकाळीं अकराची आहे. ही वेळ फलकावर कोणी लिहीत नाहीं. ती शाळा स्थापन झाली तेव्हांच ठरलेली आहे. पुढें मुख्याध्यापकांनीं फलकावर एक कागद लाविला : "शनिवारीं शाळा साडेसात वाजतां भरेल." मुलें शनिवारीं साडेसातला येऊं लागलीं. कांहीं महिन्यांनीं तो कागद कोणीतरी काढून घेतला. त्याच्या जागीं दुसरा कागद लाविला नाहीं. आतां येत्या शनिवारीं शाळा किती वाजतां भरेल?

यावर दोन उत्तरें संभवतात. एक मुलगा म्हणेल, "साडेसातची सूचना आम्हीं वाचलेली आहे; ती रद्द झाल्याचें कोणीं सांगितलेलें नाहीं; म्हणून साडेसातलाच." दुसरा म्हणेल, "साडेसातला या असें सांगणारा कागदच आतां नाहीं. म्हणून नेहमींची वेळ, अकरा." दोघांचेंहि बोलणें विचारास धरून आहे, परंतु दोघेहि एकाच वेळीं शाळेंत येणार नाहींत. म्हणून शाळेनें यांपैकीं कोणता अर्थ खरा तें आधींच ठरवून ठेविलें पाहिजे. कागद काढणें ही क्रिया दिसावयास सोपी. तिचा अर्थ लावणें सोपें नाहीं, हेंच आमच्या पाठाचें बीज आहे.

(२) कारभाऱ्याची आज्ञापत्रिका

आपण येथें पोस्टग्रेस-क्यू-एल नांवाचा डेटाबेस सर्व्हर डोळ्यांपुढें ठेवूं. याचा आरंभ १९८६ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत प्राध्यापक मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हातून झाला. १९९६ सालीं त्यास सध्यांचें नांव मिळालें. तो कोणासहि फुकट वापरतां येतो व त्याची घडण सर्वांस वाचतां येते. त्यामुळें त्याच्या वागण्याविषयीं तर्क करीत बसण्याचें कारण पडत नाहीं; जें आहे तें छापलेलें आहे.

या सर्व्हरनें कसें वागावें हें सांगणारीं शेंकडों कलमें आहेत. एका वेळीं किती जणांस आंत घ्यावें, एका कामासाठीं किती स्मरण वापरूं द्यावें, घड्याळ कोणत्या देशाचें मानावें, इत्यादि. यांतील प्रत्येक कलमास सेटिंग म्हणतात. सर्व्हर बनविणारांनीं प्रत्येक सेटिंगाची एक किंमत आंतच ठरवून ठेविलेली असते. हिला डीफॉल्ट किंमत म्हणतात. आमच्या दृष्टान्तांतील अकराची वेळ ती हीच. कारखान्यास ती मानवत नसेल, तर तेथील जाणकार मनुष्य कॉन्फिगरेशन फाइल नांवाच्या साध्या लेखी फाइलींत आपणांस हवी ती किंमत लिहितो. ही झाली फलकावरील सूचना.

ज्या ओळीच्या आरंभीं हॅश हें चिन्ह असेल ती ओळ सर्व्हर वाचीत नाहीं. ती केवळ माणसांसाठीं लिहिलेली टीप समजली जाते. म्हणून जाणकार लोक ओळ खोडण्याऐवजीं बहुधा तिच्यापुढें हॅश घालतात. डोळ्यांस ओळ दिसत राहते. सर्व्हरच्या लेखीं ती पुसली जाते. पुढें घोटाळा कसा होतो हें समजण्यास ही गोष्ट लक्षांत ठेवणें जरूर आहे.

(३) रीलोड आणि रीस्टार्ट

फाइलींत बदल केला म्हणजे तो तत्काळ अंमलांत येतो असें नाहीं. सर्व्हरनें फाइल सुरू होतांना वाचलेली असते व तिच्यांतील किंमती तो आपल्या स्मरणांत बाळगून असतो. नवीन बदल त्याच्या कानीं घालण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला रीस्टार्ट, म्हणजे सर्व्हर बंद करून पुन्हां सुरू करणें. यांत चाललेलीं सर्व कामें तुटतात. दुसरा रीलोड, म्हणजे काम चालूं ठेवूनच "फाइल पुन्हां वाच" असें त्यास सांगणें.

रीलोडसाठीं जी खूण पाठवितात तिचें नांव सिग-हप. या नांवाचा इतिहास मनोरंजक आहे. पूर्वीं दूरचे लोक टेलिफोनच्या तारेवरून संगणकास जोडले जात. ती तार तुटली म्हणजे ही खूण जाई, आणि तिचा अर्थ "पलीकडच्यानें फोन ठेविला" असा होता. पुढें जे कार्यक्रम कोणाच्याहि तारेस न जोडतां पार्श्वभागीं सतत चालत, त्यांस या खुणेचा मूळ अर्थ निरुपयोगी झाला. तेव्हां तिला "आज्ञापत्रिका पुन्हां वाच" हा नवा अर्थ देण्यांत आला. पोस्टग्रेसमध्यें ही खूण मुख्य कारभाऱ्यास मिळते, आणि तो ती आपल्या हाताखालील सर्वांस पोंचवितो.

(४) २००८ सालचा निर्णय

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. फाइलींत एक ओळ होती. तिच्यापुढें हॅश घालून ती पुसली. आणि रीलोड केलें. सर्व्हर काय करील?

२००८ सालापूर्वींच्या आवृत्त्यांत सर्व्हर आमच्या पहिल्या मुलाप्रमाणें वागत असे. ओळ नाहीं म्हणजे त्याबद्दल कांहीं नवें सांगितलेलें नाहीं, असा अर्थ घेऊन तो जुनीच किंमत चालवी. आणि पुढें केव्हां तरी रीस्टार्ट झालें कीं मग एकाएकीं डीफॉल्ट किंमतीवर जाई. यांतील दोष उघड आहे. चालत्या सर्व्हरची किंमत एक, आणि फाइल वाचून मनुष्य काढील तें अनुमान दुसरें. जी ओळ जगांत कोठेंच उरली नाहीं, ती सर्व्हरच्या स्मरणांत मात्र जिवंत! सहा महिन्यांनीं कांहीं बिघडलें, तर त्याचें कारण सहा महिन्यांपूर्वींच्या एका हॅशमध्यें आहे हें कोणास सुचावें?

४ फेब्रुवारी २००८ रोजीं निघालेल्या ८.३ या आवृत्तींत हा नियम बदलला. ही सुधारणा योआखिम वीलंड यांच्या नांवें नोंदलेली आहे. तेव्हांपासून रीलोड करतांना सर्व्हर असें पाहतो कीं, पूर्वीं फाइलींतून घेतलेली कोणती किंमत आतां फाइलींत नाहीं. आणि अशी किंमत आढळली तर ती सोडून देऊन तो डीफॉल्टवर येतो. एवढेंच नव्हे, तर अमुक सेटिंग फाइलींतून काढल्यामुळें मूळच्या किंमतीवर आणलें आहे, अशी नोंदहि तो आपल्या रोजनिशींत करतो. म्हणजे तो आतां आमच्या दुसऱ्या मुलाप्रमाणें वागतो. आमच्या मतें हा निर्णय योग्य होता. कारण लिहिलेली पत्रिका आणि प्रत्यक्ष वर्तन यांचा मेळ राहणें हा कोणत्याहि कारभाराचा पाया होय.

परंतु मूळच्या किंमतीवर येणें म्हणजे "कांहींच नसणें" नव्हे, हें येथें नीट समजून घ्यावें. पुसल्यानें जागा रिकामी होत नाहीं. तिच्याखालचा नियम वर येतो. शिवाय फाइलीचा हुकूम हा अनेक हुकमांपैकीं एक आहे. सर्वांत खालीं डीफॉल्ट, त्यावर फाइल, त्यावर एखाद्या विशिष्ट डेटाबेसपुरता दिलेला हुकूम, त्यावर विशिष्ट वापरणारापुरता दिलेला, आणि सर्वांवर, त्या वेळच्या संभाषणापुरता वापरणारानें स्वतः दिलेला. वरचा हुकूम असेपर्यंत खालचा दिसत नाहीं. आणखी एक गोष्ट अशी कीं, २०१४ सालच्या ९.४ या आवृत्तीपासून सर्व्हरला बोलून दिलेले कायमचे हुकूम तो स्वतः एका दुसऱ्या फाइलींत लिहून ठेवितो व ती फाइल शेवटीं वाचतो. एकाच सेटिंगाबद्दल दोन ओळी आढळल्या तर शेवटची खरी, असा नियम आहे. म्हणून पहिल्या फाइलींतील ओळ पुसली, तरी दुसऱ्या फाइलींत ती असेल तर कांहींच बदलत नाहीं.

(५) साडेपांच तासांचें अंतर

हें सर्व ऐकून कोणी म्हणेल, "असेना मूळची किंमत, तीहि शहाण्या माणसांनींच ठरविलेली आहे ना?" त्याचें उत्तर आपल्या घड्याळांत आहे.

भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून अंमलांत आली. ती ग्रिनिचच्या वेळेपेक्षां साडेपांच तास पुढें आहे. पोस्टग्रेस सर्व्हर भारतीय वेळेवर चालणाऱ्या संगणकावर प्रथम उभारला जातो तेव्हां उभारणी करणारा कार्यक्रम फाइलींत "टाइमझोन : एशिया, कोलकाता" अशा अर्थाची ओळ स्वतःच लिहून ठेवितो. ही ओळ पाहून पुष्कळांस वाटतें कीं, हीच मूळची किंमत. प्रत्यक्षांत आजच्या आवृत्त्यांत आंतील डीफॉल्ट किंमत आहे ग्रिनिचची वेळ.

आतां असें समजा कीं, चाकणच्या एका कारखान्यांत फाइल नीटनेटकी करण्याच्या हेतूनें कोणीं या ओळीपुढें हॅश घातला. फाइलीच्या आरंभीं बनविणारांची टीप असते कीं, हॅश असलेल्या ओळींत दाखविलेल्या किंमती ह्या डीफॉल्ट किंमती समजाव्यात. ती टीप त्यानें वाचलेली. आणि डोळ्यांपुढें ओळ दिसते हॅशसह "एशिया, कोलकाता". त्याची खात्री झाली कीं, कांहीं बदललेलें नाहीं. टीप खोटी नाहीं. परंतु ती बनविणारांनीं स्वतः हॅश घातलेल्या ओळींबद्दल आहे, मागाहून आपण हॅश घातलेल्या ओळीबद्दल नाहीं. रीलोड होतांच सर्व्हरचें घड्याळ साडेपांच तास मागें जातें.

याचा परिणाम सकाळच्या पाळीस फारसा जाणवणार नाहीं. वेळ चुकीची दिसेल, पण तारीख तीच राहील. खरा घोटाळा तिसऱ्या पाळीचा. रात्रीं अकरा ते सकाळीं सात अशी ती पाळी धरूं. दहा तारखेस रात्रीं दोन वाजून दहा मिनिटांनीं यंत्रावरून भाग उतरला. ग्रिनिचच्या हिशेबानें तेव्हां नऊ तारखेचे रात्रीचे आठ वाजून चाळीस मिनिटें झालीं असतात. म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपांचपर्यंत जें जें काम झालें तें सर्व आदल्या दिवसाच्या खातीं पडतें. ज्या माणसानें झोप मोडून तें केलें, त्याचें नांव त्या तारखेच्या पत्रकांत सांपडत नाहीं. हजेरी, जादा वेळेची मजुरी, दिवसाचें उत्पादन, ज्या ज्या गोष्टी तारखेवर अवलंबून त्या सर्वांस ढका बसतो.

याहून नाजूक गोष्ट पुढेंच आहे. सर्व्हरमध्यें वेळ दोन प्रकारांनीं साठवितां येते. एका प्रकारांत तो क्षणच साठवितात. घड्याळ कोणत्याहि देशाचें लावा, क्षण तोच राहतो, फक्त दाखविण्यांत फरक पडतो. ओळ पुन्हां घालून रीलोड केलें कीं सर्व नोंदी पूर्ववत् बरोबर दिसूं लागतात. दुसऱ्या प्रकारांत मात्र घड्याळाचे कांटे त्या वेळीं जें दाखवीत होते तेवढेंच साठवितात. अशा जागीं सर्व्हरच्या घड्याळावरून पडलेली चुकीची नोंद चुकीचीच राहते. पुढें ओळ सुधारली तरी ती आपोआप सुधारत नाहीं. शिवाय जे कार्यक्रम सर्व्हरशीं बोलावयास आरंभ करतांनाच आपली वेळ स्वतः सांगतात, त्यांना या बदलाची बाधा होत नाहीं. कारण वरच्या पायरीचा हुकूम खालच्यास झांकतो. त्यामुळें एकाच कारखान्यांतील दोन पत्रकें दोन तारखा सांगूं लागतात, आणि दोन माणसें एकमेकांस खोटें ठरवूं लागतात. वस्तुतः दोघेहि प्रामाणिक असतात.

(६) गुरुवारची सुटी

टाइमझोनचा बदल रीलोड होतांच दिसतो, म्हणून तो सांपडतो तरी. कांहीं सेटिंगें अशीं आहेत कीं, तीं रीलोडनें बदलतच नाहींत. एका वेळीं किती जोडण्या घ्याव्या हें सांगणारें सेटिंग त्यांपैकीं एक. याचें कारण असें कीं, जोडण्यांच्या संख्येप्रमाणें सर्व्हर सुरू होतांनाच स्मरणाची सामायिक जागा आंखून घेतो. वर्गांत बांके किती हें वर्ग बांधून झाल्यावर, तास चालूं असतांना बदलतां येत नाहीं, तसेंच हें.

समजा, फाइलींत या सेटिंगाची किंमत ३०० लिहिलेली होती व कोणीं ती ओळ हॅशनें झांकली. रीलोड केलें. सर्व्हर तीनशेंवरच चालत राहतो. रोजनिशींत मात्र तो लिहितो कीं, हें सेटिंग रीस्टार्टवांचून बदलतां येत नाहीं. आणि "रीस्टार्टची वाट पाहत आहे" अशी खूण त्या सेटिंगापुढें करून ठेवितो. रोजनिशी कोणीं वाचली नाहीं तर कोणास कांहीं कळत नाहीं. काम सुरळीत चालतें.

आपल्या भागांतील पुष्कळ कारखान्यांस आठवड्याची सुटी गुरुवारीं असते, हें आमच्या मुलांना ठाऊकच आहे. दोन महिन्यांनीं अशा एका गुरुवारीं दुरुस्तीसाठीं वीज बंद केली. सर्व्हरहि बंद झाला. शुक्रवारीं सकाळीं तो सुरू झाला तेव्हां त्यानें फाइल नव्यानें वाचली. तीनशेंची ओळ नाहीं. म्हणून डीफॉल्ट किंमत, शंभर. या शंभरांपैकीं तीन जागा मुख्य व्यवस्थापकासाठीं राखून ठेवलेल्या असतात, उरल्या सत्त्याण्णव. पहिली पाळी भरली, यंत्रें एकामागून एक जोडलीं जाऊं लागलीं, आणि अठ्ठ्याण्णवाव्यास उत्तर मिळालें कीं जागा नाहीं. त्या सकाळीं जो मनुष्य कामावर असेल त्याच्यावर सर्वांचा रोष होईल. त्यानें कांहींच केलेलें नाहीं; करणारा दोन महिन्यांपूर्वीं हात धुऊन घरीं गेला, कदाचित् दुसऱ्या नोकरीवरहि गेला.

फाइलींतील शुद्धलेखनाच्या चुकीचेंहि असेंच आहे. एखाद्या सेटिंगाचें नांव चुकलें व रीलोड केलें, तर सर्व्हर ती चूक रोजनिशींत नोंदवितो, फाइलींतील कोणताच बदल लागू करीत नाहीं आणि चाललेलें काम चालूं ठेवितो. परंतु तीच चूक सुरू होतांना आढळली, तर तो सुरू होण्याचेंच नाकारतो. सोमवारीं जी चूक सौम्य दिसली, ती शुक्रवारीं दार बंद करून बसते. ओळ पुसण्याचा क्षण आणि तिचा परिणाम दिसण्याचा क्षण यांत जितकें अंतर अधिक, तितका निरपराध माणसावर दोष येण्याचा संभव अधिक, हें या उदाहरणांवरून ध्यानीं येईल.

(७) दुसऱ्या कारभाऱ्याची रीत

सर्व सर्व्हर याच नियमानें वागतात असें मात्र समजूं नये. माय-एस-क्यू-एल हा दुसरा सुप्रसिद्ध डेटाबेस सर्व्हर १९९५ सालीं निघाला. तो आपली मुख्य फाइल फक्त सुरू होतांना वाचतो. चालूं असतांना ती पुन्हां वाचण्याची सोय त्यांत नाहीं. चालत्या सर्व्हरची किंमत बदलावयाची तर त्यास प्रत्यक्ष हुकूम द्यावा लागतो. २०१८ सालच्या ८.० या आवृत्तीपासून असा हुकूम कायम टिकावा म्हणून वेगळ्या फाइलींत नोंदवून ठेवण्याचीहि सोय झाली. पुढें ती नोंद रद्द करा म्हणून सांगितलें, तर तो फाइलींतील नोंद काढून टाकतो. परंतु चालूं असलेली किंमत तशीच ठेवितो. म्हणजे या एका बाबतींत तो आमच्या पहिल्या मुलाच्या पंक्तीस बसतो.

दोन कारभारी, दोन रीती. आणि दोन्ही आपापल्या जागीं छापून ठेविलेल्या. एकाच्या घरची रीत दुसऱ्याच्या घरीं गृहीत धरणें हाच काय तो अपराध. भोसरींतील एका कारखान्यांत शिकलेला मुलगा चाकणच्या दुसऱ्या कारखान्यांत गेला, तर त्यानें प्रथम विचारावें : येथें ओळ पुसली म्हणजे काय होतें?

(८) कसें वागावें

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण लवकरच उमेदवार म्हणून कारखान्यांत जातील. कांहीं अभियंते होतील. त्यांच्यासाठीं चार गोष्टी येथें सांगतों.

पहिली गोष्ट, मूळची किंमत काय आहे हें पाहिल्यावांचून कोणतीहि ओळ पुसूं नये. पोस्टग्रेसमध्यें पी-जी-सेटिंग्ज नांवाचें एक कोष्टक सर्व्हर स्वतःच दाखवितो. त्यांत चालूं किंमत, आंतील मूळची किंमत, आणि चालूं किंमत कोठून आली, हीं तिन्ही शेजारीं शेजारीं वाचतां येतात. कोणतें सेटिंग रीस्टार्टची वाट पाहत आहे हेंहि त्यांतच कळतें. फाइलींतील ओळी रीलोडपूर्वीं तपासण्यासाठीं पी-जी-फाइल-सेटिंग्ज नांवाचें दुसरें कोष्टक आहे. त्यांत चूक असेल तर ती आधींच दिसते. हीं दोन कोष्टकें उघडण्यास एक मिनिट पुरतें.

दुसरी गोष्ट, जी किंमत आपणांस खरोखर हवी आहे ती स्पष्ट लिहावी. मूळची किंमत आज सोयीची आहे म्हणून तिच्यावर विसंबूं नये. कारण बनविणारे नवीन आवृत्तींत ती बदलूं शकतात. टाइमझोनसारखी ओळ तर कायम लिहिलेलीच असावी.

तिसरी गोष्ट, रीलोड केल्यावर लगेच रोजनिशी वाचावी. सर्व्हर मुका नाहीं. काय मान्य केलें, काय नाकारलें आणि काय पुढें ढकललें तें तो लिहून ठेवितो. वाचणारा नसेल तर तो काय करील?

चौथी गोष्ट, बदलाशेजारीं तारीख, कारण आणि आपलें नांव लिहावें. हॅश हें चिन्ह मूळचें त्यासाठींच आहे : सर्व्हरसाठीं नव्हे, तर आपल्यामागून येणाऱ्या माणसासाठीं. शुक्रवारीं सकाळीं त्या दारापाशीं उभा राहणारा मनुष्य आपणांस भेटणार नाहीं; परंतु आपण लिहिलेली एक ओळ त्यास भेटेल, आणि तेवढ्यानें त्याचा तास वांचेल व विनाकारण बोल लागणार नाहीं.

पालकांसहि एक विनंती आहे. एखाद्या महिन्यांत रात्रपाळीच्या हजेरीची तारीख चुकलेली दिसली, तर ती चूक कोणा माणसानें मुद्दाम केली असें एकदम धरून चालूं नये, आणि "संगणक सांगतो म्हणजे तेंच खरें" असेंहि म्हणूं नये. कोणत्या दिवसापासून, रात्रीच्या कोणत्या वेळेच्या नोंदी चुकल्या, हें कागदावर मांडून हिशेबनिसाकडे न्यावें. मध्यरात्र ते साडेपांच एवढाच पट्टा सरकलेला दिसला, तर जाणत्यास त्यांतून मूळ कारण तत्काळ उमजेल.

लिहिलेला नियम काढून टाकणें ही कधीं कधीं चांगली सुधारणा असते. आम्ही तिच्या विरुद्ध नाहीं. परंतु काढणारानें एवढें पाहावें कीं, त्याच्या खालून कोणता नियम वर येणार, केव्हां येणार, आणि त्या वेळीं तेथें कोण उभा असणार. हें पाहून मग ज्यास पुसावयाचें असेल त्यानें खुशाल पुसावें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. फलकावरील कागद काढल्यावर दोन मुलांनीं दिलेलीं दोन उत्तरें सांगा. पोस्टग्रेसच्या २००८ पूर्वींच्या व नंतरच्या आवृत्ति अनुक्रमें कोणत्या उत्तराप्रमाणें वागतात?
२. भारतीय वेळेप्रमाणें ३ तारखेस पहाटे ४ वाजून ४५ मिनिटांनीं झालेली नोंद ग्रिनिचच्या वेळेप्रमाणें कोणत्या तारखेची व किती वाजतांची होईल? त्याच दिवशीं सकाळीं ६ वाजतां झालेल्या नोंदीची तारीख बदलेल काय?
३. जोडण्यांच्या संख्येचें सेटिंग रीलोडनें कां बदलत नाहीं? वर्गांतील बांकांच्या उपमेनें स्पष्ट करा.
४. मुख्य फाइलींतील ओळ पुसूनहि किंमत बदलली नाहीं. याचीं दोन संभाव्य कारणें लिहा.
५. आपल्या घरांत किंवा गांवांत एखादा लिहिलेला नियम काढल्यावर न लिहिलेला नियम सुरू झाला, असें एक उदाहरण वडील मंडळींस विचारून दहा ओळींत लिहा.